वहीतलं जुनं माप

प्रश्न : ताई, मी ४९ वर्षांची आहे. कपाट उघडलं की कपडे अंगावर कोसळतात, आणि तरी रोज सकाळी ‘घालू काय’ म्हणत दहा मिनिटं मी तिथेच उभी. दोन वर्षांत वजन वाढलं जेमतेम तीन किलो, पण ते सगळं पोटावर येऊन बसलंय. केस रंगवणं बंद केलं. आता मोहरी रंगाचा माझा लाडका कुर्ता घातला की लोक विचारतात, बरं नाही का? मध्ये हुरूप आला म्हणून एकदम सहा नवे कपडे आणले, त्यातले चार लेबलासकट पडून आहेत. मुलगी म्हणते, ‘आई, तू स्वतःचेच जुने फोटो घालून फिरतेस.’ वयाला शोभेल आणि तरी काकूबाई दिसणार नाही, असं काय घालू?

उत्तर : आधी मुलीची पाठ थोपटा. तीस वर्षं शिवणकाम करून मला जे इतकं नेमकं सांगता आलं नसतं, ते तिनं एका वाक्यात सांगून टाकलं.

‘वयाला शोभेल’ हे शब्द मात्र जरा बाजूला ठेवू या. हे शब्द घेऊन माझ्या टेबलापुढे आलेल्या बायकांना बहुतेक वेळा काहीतरी करडं, घोळदार, बिनआकाराचं हवं असायचं. मी शिवूनही द्यायचे. महिन्याभरानं विचारलं की कळायचं, तो कपडा कपाटाच्या तळाला गेला. कापडाला वय कळत नाही हो. त्याला कळतो खांदा, पाठीचा बाक, छातीचा उंचवटा आणि खुर्चीत बसल्यावर रुंदावणारी कंबर. तुमची आवड बिघडलेली नाही, तुम्ही जुन्या मापावर चालला आहात असा माझा अंदाज आहे.

असं म्हणते, कारण मी स्वतः यात फसले. गिऱ्हाइकाचं माप दर वेळी नव्यानं घेणारी मी, स्वतःचं शिवताना मात्र वहीतलं तेच एक पान उघडायची. ते पान माझ्या अडतिसाव्या वर्षीचं. एक्कावन्नाव्या वर्षी निळ्या लिननचा शर्ट शिवला. दिवसभर त्याचा गळा पुढून नरड्याला लागत होता आणि मी तो सारखा खाली ओढत होते. संध्याकाळी एका गिऱ्हाइकानं विचारलं, ‘तुमचा शर्ट मागून असा वर का चढलाय?’ मग टेप घेतली. छाती वहीत होती तेवढीच. पाठ मात्र मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत सव्वा सेंटीमीटरनं जास्त भरली. मशीनवर वाकून वाकून पाठीला बाक आला होता. त्या बाकावरून उतरायला कापड कमी पडत होतं, म्हणून ते खालून वर चढत होतं आणि पुढचा गळा मागे खेचत होतं. खांद्यांखाली पाठ आडवी कापली, त्यात तेवढ्याच रुंदीची पट्टी जोडली, आणि नरड्याची तक्रार संपली. तो शर्ट अजून घालते. पट्टीचा निळा थोडा वेगळा आहे, लोकांना ती फॅशन वाटते.

मशीनवर बसत नसाल तर कॉम्प्युटरपुढे बसत असाल, नाहीतर मोबाइलमध्ये मान घालून. बाक तोच.

पोटाचं म्हणाल तर त्यात तुमचा आळस शोधू नका. पाळी बंद होण्याचं सरासरी वय आपल्याकडे ४६-४७च्या आसपास, पण इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचं खाली-वर त्याच्या काही वर्षं आधीच सुरू होतं. ते कमी झालं की चरबी नितंब-मांड्यांऐवजी पोटाकडे साठायला लागते. म्हणूनच काट्यावर तीन किलो आणि कमरेत दोन साइझ. आता होतं असं की दुकानात तुम्ही कमरेला होईल असा कपडा घेता, आणि तो खांद्यावरून ओघळतो. लेबलासकट पडलेल्या चारांतले निदान दोन तरी असेच असणार, पाहा बरं.

एक सुटीची दुपार काढा. ज्यांच्याकडे हात आपोआप जातो असे आठ-दहा कपडे बाहेर काढा. ‘कधीतरी होईल’वाले राहू देत आत. एकेक घाला, मुलीला समोरून, बाजूनं आणि पाठीमागून फोटो काढायला सांगा. आरशात आपण पोट आत घेऊन उभ्या राहतो, पाठीला ते जमत नाही. मग तोच कपडा घालून खुर्चीत पाच मिनिटं बसा. उभं राहून छान दिसणारे आणि बसल्यावर जीव घेणारे कपडे कपाटात किती आहेत, ते तेव्हाच कळतं.

फोटोत सगळ्यात आधी खांदा बघा. खांद्याची शिवण खांदा संपतो त्या हाडाच्या टोकावर हवी. दोन बोटं खाली घसरली असेल तर कपडा दुसऱ्याचा वाटतो, मग तो कितीही भारीतला असो. कंबर, लांबी, बाही, बाजूचा घेर, हे सगळं ऑल्टर करता येतं. खांदा आणि मुंढा (बाही जोडतात ती जागा) दुरुस्त करणं म्हणजे अर्धा कपडा उसवणं, आणि कॉलर-अस्तराचं जॅकेट असेल तर मी तरी हात जोडते. खांद्यात चुकलेला कपडा देऊन टाका. खांद्यात बसलेला आणि पोटावर घट्ट झालेला मात्र टाकू नका.

तो उलटा करा आणि बाजूची शिवण बघा, आत दाब, म्हणजे शिवणीपलीकडचं जास्तीचं कापड, किती सोडलाय ते. रेडिमेडमध्ये बहुधा एखादा सेंटीमीटर असतो. दोन बाजूंना मिळून कापडाचे चार काठ येतात. प्रत्येकातून अर्धा सेंटीमीटर सोडला तरी घेर दोन सेंटीमीटरनं वाढतो, आणि श्वास घ्यायला तेवढे पुष्कळ होतात. पण आधी दोन-तीन इंचच उसवून उजेडात धरा. जुन्या टिपेच्या सुयांची भोकं रांगेनं दिसतील. सुती कापडात ती पाणी आणि इस्त्रीनं बऱ्यापैकी भरतात, घट्ट विणीच्या सॅटिनमध्ये राहतात. आणि आतल्या दाबावर ऊन पडलेलं नसतं. बाहेरचं कापड विटलं असेल तर सोडलेल्या जागी मूळ रंगाची गडद रेघ उमटते. दिसली, तर दाब सोडू नका. दोन्ही बाजूंच्या शिवणीत मुद्दाम वेगळ्या रंगाची पट्टी घाला.

छातीबद्दल थोडक्यात, पण महत्त्वाचं. टक्सचं, म्हणजे छातीला आकार द्यायला शिवलेल्या निमुळत्या चुणीचं, टोक उंचवट्याच्या साधारण अडीच सेंटीमीटर अलीकडे संपायला हवं. वयानं उंचवटा खाली येतो, टक्स जुन्याच जागी राहतात, आणि मध्ये रिकामा फुगा दिसतो. टक्स खाली घेता येतात. त्याआधी ब्रा तपासा, कारण मुख्य आधार छातीखालचा पट्टा देतो, खांद्यावरच्या पट्ट्या नाहीत. मागून तो वर चढत असेल तर सैल झालाय. कितीतरी बायका नवे टॉप घेत राहतात आणि दुखणं असतं पाच वर्षं जुन्या ब्रात.

आता तुमचा मोहरी. एक जुनी हकीकत सांगते, मला फार आवडते. पॅरिसच्या गोबेलँ या विणकामाच्या कारखान्यात मिशेल-युजेन शेव्रल नावाचे रसायनतज्ज्ञ रंगाईचे प्रमुख होते. तक्रार आली की तिथला काळा रंग फिका पडतोय. त्यांनी सूत तपासलं, रंग उत्तम होता. तो निळ्या-जांभळ्याशेजारी विणला की मंद दिसत होता. शेजारचे रंग एकमेकांना बदलून दाखवतात, हे त्यांनी पुढे १८३९ साली सविस्तर मांडलं. तुमच्या गळ्यापाशी तेच झालंय. काळ्या केसांची चौकट होती तोवर चेहरा आणि मोहरी यांच्यामध्ये काहीतरी ठसठशीत होतं. चौकट रुपेरी झाली आणि पिवळी झाक सरळ त्वचेवर उतरली.

म्हणून मोहरीला हाकलायचं नाही, चेहऱ्यापासून लांब न्यायचं. मोहरी पँट, मोहरी पर्स, किंवा त्याच कुर्त्यावर गळ्यापाशी दुसऱ्या रंगाचा स्कार्फ. कोणता रंग, हे कुणी तक्ता दाखवून सांगायला आलं तर ऐकून घ्या आणि घरी येऊन स्वतः बघा. दिवसा खिडकीशी, चेहऱ्याला काही न लावता, हनुवटीखाली एकेक कापड धरायचं. नजर कापडावर नको, डोळ्यांखाली ठेवा. काळी वर्तुळं गडद झाली की ते कापड खाली ठेवायचं. दुकानातल्या दिव्याखाली हे करू नका. तिथे जुळलेले दोन रंग बाहेर उजेडात आले की एकमेकांची ओळख विसरतात. रुपेरी केसांच्या माझ्या गिऱ्हाइकांना गर्द निळा, जांभळट लाल, पाचूसारखा हिरवा खूप वेळा खुलायचा. दोघींना मात्र फिका गुलाबीच खुलला, तेव्हा हा नियम समजू नका.

एक विसरत होते. अचानक उकाडा येऊन घाम फुटत असेल तर लेबलवरचा ‘कॉटन’ शब्द वाचून थांबू नका, अस्तराचं लेबलही वाचा. वरून सुती आणि आतून पॉलिएस्टर असेल तर अंगाला लागतं ते पॉलिएस्टरच. जाड एक कपडा घालण्यापेक्षा पातळ दोन घाला, वरचा झटकन काढता येईल असा.

आणि खरेदी? आत्ता नको. तीन आठवडे कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवा. संध्याकाळी कपडे बदलताना त्या दिवशीचा कपडा लिहायचा आणि पुढे एकच शब्द. ‘बरं’, ‘टोचलं’, ‘विसरले’. ‘विसरले’ म्हणजे अंगावर काय आहे हे दिवसभर आठवलंही नाही. असे दोन-तीन कपडे निघतील. त्यांचा गळा, बाही, लांबी टेपनं मोजा आणि पुढची खरेदी त्या आकड्यांवर करा. लेबलवरचा साइझ कंपनीगणिक बदलतो, टेप बदलत नाही. मग त्या आकड्यांत तुम्हाला हवा तो वेडा रंग, हवी ती मोठी फुलं घ्या. काकूबाई फुलांनी दिसत नाही कुणी.

प्रश्न : वय ५४, पुरुष. कॉलेजपासून माझी पँट ३४ कमरेची आहे आणि आजही तीच होते, याचा मला अभिमान आहे. पण बायको म्हणते, मी ढगळ दिसतो. मुलगा स्लिम फिट घ्या म्हणतो. कुणाचं ऐकू?

उत्तर : बायकोचं. रागावू नका, पण ३४ची पँट होते कारण पट्टा दरवर्षी थोडा थोडा खाली उतरलाय आणि पोट त्याच्यावरून पुढे आलंय. बेंबीवरून टेप फिरवा, मोठ्यानं वाचू नका, नुसतं लिहून ठेवा.

पँट पोटाखाली बांधली की आसन (दोन पायांमधला भाग) खाली लोंबतं, पाय आखूड दिसतात आणि मागचं कापड पिशवीसारखं लटकतं. ढगळपणा तो. उंच आसनाची पँट घ्या, खऱ्या कमरेवर, पुढे एकेक प्लीट असलेली. पोटावर न टिकता घसरत असेल तर पट्टा आवळण्यापेक्षा गॅलिस (खांद्यावरून जाणारे पट्टे) लावून बघा, पँट खांद्यावरून सरळ लोंबते आणि इस्त्रीची घडी टिकते. स्लिम फिट मुलालाच राहू द्या. खाली अरुंद पाय आले की वरचं पोट आणखी मोठं दिसतं.

शर्टाला एकच परीक्षा. खुर्चीत बसा आणि पोटावरच्या दोन बटणांमधली फट बघा. बनियन डोकावत असेल तर एक साइझ मोठा घ्या आणि बाह्या, खांदा शिंप्याकडून ठीक करून घ्या. खांद्याचं काम तो टाळेल. साध्या शर्टाला ते होतं, तेव्हा तुम्ही हटू नका.

बुटांचंही माप कॉलेजचंच आहे का? वयानं पायातले अस्थिबंध सैल होतात, पाऊल रुंदावतं आणि किंचित लांबतंही. संध्याकाळी दोन्ही पाय मोजा. मोठा भरेल त्याच्या मापाचे बूट घ्या.

प्रश्न : पन्नाशीनंतर जीन्स घालावी का?

उत्तर : घाला की. फक्त ताणणारी असेल तर फार गरम पाण्यात धुऊ नका आणि ड्रायरमध्ये टाकू नका, उष्णतेनं त्यातला इलास्टेन हा ताणणारा धागा मरतो आणि गुडघ्यांना पोंगे येतात. दुकानात घालून बघताना एकदा उकिडवं बसा. मागून कमरपट्टा बोटभर सुटला, तर ती परत हँगरवर.