चल जनुकीय घटक निरुपयोगी असतील, तर ते शेवाळांच्या जीनोममध्ये टिकले कसे?

आपला प्रश्न असा आहे की, जीनोममध्ये, म्हणजे पेशीतील सगळ्या डीएनएमध्ये, जागा बदलत फिरणारे हे घटक शेवाळाच्या काहीच कामाचे नसतील, तर नैसर्गिक निवडीने ते केव्हाच का काढून टाकले नाहीत. मी रत्नागिरीत वनस्पतिशास्त्र शिकवतो. ओहोटीला मिऱ्याच्या खडकांवर हिरवी उल्वा आणि तांबडी ग्रासिलेरिया दाखवताना विद्यार्थीही मला हेच विचारतात. माझे उत्तर असे की, टिकण्यासाठी त्यांना शेवाळाच्या उपयोगी पडावेच लागत नाही. शेवाळाला मारून न टाकता स्वतःच्या प्रती वाढवता आल्या, तर तेवढे त्यांना पुरते.

यांचे दोन मोठे गट आहेत. डीएनए ट्रान्सपोझॉन बहुधा तरव्याच्या रोपासारखा असतो, म्हणजे एका जागेवरून उपटला जाऊन दुसरीकडे लागतो. रेट्रोट्रान्सपोझॉन मात्र हापूसच्या कलमासारखा वागतो. मूळ झाड जागेवरच राहते आणि आरएनएच्या मार्गाने तयार झालेली नवी प्रत दुसरीकडे रुजते. त्यामुळे जीनोम फुगवण्याची ताकद या दुसऱ्या गटात अधिक आहे.

तांबड्या शेवाळांत हा इतिहास फार स्पष्ट दिसतो. गरम, आम्लयुक्त झऱ्यांत राहणाऱ्या सायनिडिओशायझॉन मेरोले या एकपेशीय शेवाळाचा जीनोम केवळ १.६५ कोटी बेस-जोड्यांचा (डीएनएच्या साखळीतील अक्षरांच्या जोड्यांचा) असून त्यात अवघे २७ इंट्रॉन, म्हणजे जनुकांच्या मध्ये येणारे आणि प्रथिन बनण्याआधी कापून टाकले जाणारे तुकडे, आहेत. उलट, उत्तर अटलांटिकच्या खडकांवरील कॉन्ड्रस क्रिस्पसचा जीनोम २०१३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात सुमारे १०.५ कोटी बेस-जोड्या, पण जनुके मात्र ९,६०६ इतकीच आढळली. त्यातील जनुके आटोपशीर आहेत, इंट्रॉन फार थोडे आहेत, आणि तरीही चल घटकांची गर्दी आहे. तांबड्या शेवाळांच्या पूर्वजाने आधी जनुके व इंट्रॉन गमावले आणि पुढे चल घटकांच्या प्रतींनी जीनोम पुन्हा वाढला, असा अर्थ संशोधकांनी लावला, आणि तो मला पटतो.

पेशी अर्थातच स्वस्थ बसत नाही. ती डीएनएवर मिथाइल गट चिकटवून हे घटक मुके करते. फिओडॅक्टिलम या डायाटममधील (सिलिकाचे कवच असणाऱ्या एकपेशीय शेवाळांच्या गटातील) ‘ब्लॅकबिअर्ड’ नावाचा रेट्रोट्रान्सपोझॉन नायट्रेट कमी पडल्यावर जागा होतो आणि त्याच वेळी त्याच्यावरील मिथाइल गट घटतात, हे २००९ साली दाखवले गेले. ही शेवाळाने मुद्दाम योजलेली सोय आहे, असे काही जण सुचवतात. मला मात्र उपासमारीत पहारा ढिला पडल्याचेच ते लक्षण वाटते. अशा उड्यांतून एखादा उपयुक्त बदल घडू शकतो आणि निवड तो जपतेही, परंतु तो लाभ नंतरचा आहे. घटकाच्या टिकण्याचे ते मूळ कारण नव्हे.