ठाण्यात मेसॉनिक लॉज सुरू करायचा म्हणजे काय करावं लागतं? आणि तो पुढे चालतो कसा?

मी ठाण्यात पाचपाखाडीला राहतो, चौदा वर्षं मेसन आहे (म्हणजे फ्रीमेसन, विधी आणि शपथा असलेल्या एका जुन्या बंधुसंघटनेचा सभासद; लॉज म्हणजे तिची स्थानिक शाखा), आणि घरी "आज लॉजला जायचंय" म्हटलं की सासूबाई अजूनही बायकोच्या तोंडाकडे बघतात. आपल्याकडे लॉज म्हणजे स्टेशनबाहेरचं लॉजिंग-बोर्डिंग, त्याला कोण काय करणार.

कागदोपत्री काम तसं सरळ आहे. तिन्ही डिग्र्या, म्हणजे सभासदत्वाच्या तीन पायऱ्या, झालेले मास्टर मेसन मिळून अर्ज करतात, पहिला मास्टर (लॉजचा प्रमुख) कोण, त्याच्या हाताखालचे दोन वॉर्डन कोण हे त्यातच लिहायचं, एखाद्या चालू लॉजने शिफारस करायची आणि मग तो अर्ज वर, सगळ्या लॉजवरच्या ग्रँड लॉजकडे जातो. १९६१ पासून आपली ग्रँड लॉज ऑफ इंडिया आहे, त्याआधी सगळे लॉज इंग्लंड, स्कॉटलंड नाहीतर आयर्लंडच्या हाताखाली असायचे (काही अजूनही आहेत). मंजुरी आली की वॉरंट म्हणजे परवानापत्र मिळतं, नंबर पडतो, आणि उद्घाटनाच्या विधीत धान्य, वाइन आणि तेल वापरतात. वाइन सोडली तर आपली वास्तुशांतच.

अडतं ते जागेवर. आम्ही सात-आठ ठाणेकरांनी मध्यंतरी हा घाट घातला होता, कारण कामाच्या दिवशी संध्याकाळी लोकल पकडून फोर्टला फ्रीमेसन्स हॉलला जायचं आणि रात्री अकरानंतर परत यायचं याचा सगळ्यांना कंटाळा आलेला. नौपाड्यात मुंजी-बारशांचा एक हॉल बघितला, भाडं परवडणारं, पण त्याची एक खिडकी थेट स्वयंपाकघरात उघडायची आणि आम्ही बघायला गेलो तेव्हा तिथून एक आचारी बटाटेवड्याचं सारण कालवत आमच्याकडे टकामका बघत होता. आता आमच्यात दाराबाहेर टायलर म्हणून एक जण तलवार घेऊन उभा राहतो, बाहेरचं कोणी आत येऊ नये म्हणून, तो काय त्या आचाऱ्यावर तलवार उगारणार?! शिवाय काळ्या-पांढऱ्या चौकटींची जमीन, खांब, खुर्च्या हे सगळं दर मीटिंगला लावायचं आणि काढायचं, ठेवायचं कुठे? तिथेच विषय संपला.

आणि सुरू झालाच असता तरी खरी कसोटी तिसऱ्या-चौथ्या वर्षी. मास्टर दरवर्षी बदलतो, विधीतली लांबच्या लांब भाषणं पाठ करावी लागतात आणि सात जण असल्याशिवाय लॉज पुरा होत नाही असं आमच्यात म्हणतात. पावसाळ्यात ट्रेन बंद पडल्या की सेक्रेटरी सात डोकी मोजत बसतो. बाकी बरंचसं सोसायटीच्या मीटिंगसारखंच, मागचे मिनिट्स, वर्गणीची थकबाकी, चॅरिटीची पिशवी फिरवणं, मग एकत्र जेवण. फरक एवढाच की राजकारण आणि धर्मावर वाद घालायला बंदी, त्यामुळे भांडणं निम्मी होतात. टेबलावर गीता, कुराण, बायबल, अवेस्ता शेजारी शेजारी असतात, ज्याने त्याने आपल्या ग्रंथावर शपथ घ्यायची.

हे पहिल्यापासून असं नव्हतं बरं का. माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईतले गोरे मेसन आत घेईनात, ते पॅरिसला जाऊन मेसन होऊन आले, आणि मग १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्सने रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया हा लॉज काढला, खास भारतीय लोकांना घेता यावं म्हणून. नवा लॉज निघण्यामागे असं काहीतरी अडलेलं असावं लागतं, नुसता लोकलचा कंटाळा पुरत नाही बहुतेक.

नवा माणूस घ्यायचा तर गुप्त मतदान होतं, पेटीत हात घालून गोळी टाकायची, पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही. आमची पेटी जुनी आहे, गोळी कधी मध्येच अडकते आणि पेटी हलवावी लागते, तोवर सगळे श्वास रोखून.

तुम्हाला यायचं असेल तर ओळखीतल्या मेसनला स्वतःहून विचारा, तो आपणहून गळ घालणार नाही. आणि व्हॉट्सॲपवर कोणी "मेंबर व्हा, श्रीमंत व्हा" म्हणत गूगल पे नंबर पाठवला तर सरळ ब्लॉक करा.