फंड मॅनेजर स्वतःचे पैसे स्वतःच्या फंडात घालतात का?

तुम्हाला बँकेतल्या माणसाने सांगितलं, "या फंडाच्या मॅनेजरचे स्वतःचे पैसेही यातच आहेत, तुम्ही निर्धास्त राहा." आणि तुम्ही विचारताय, हे खरं असतं का. पैसे असतात, हे बहुतेक वेळा खरं. पण त्यावर निर्धास्त राहावं, असं मी कुणालाच सांगणार नाही.

मी सांगलीत म्युच्युअल फंड वितरक आहे, पंधरा वर्षं झाली. हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो एका निवृत्त शिक्षिकेने, २०१८ साली. ओळखीतले सगळे त्यांना बाईच म्हणतात. ग्रॅच्युइटीचे पैसे आले होते, फॉर्म भरून तयार होता, पेन त्यांच्या हातात होतं. सही करता करता थांबल्या आणि म्हणाल्या, "हे पैसे जो सांभाळणार, त्याचे स्वतःचे किती आहेत हो यात?" मला उत्तर देता आलं नाही. मग त्यांच्यासमोरच त्या योजनेचं स्कीम इन्फर्मेशन डॉक्युमेंट, म्हणजे आम्ही ज्याला एसआयडी म्हणतो ते, उघडलं. बरंच खाली गेल्यावर एक छोटं कोष्टक सापडलं: कंपनीचे संचालक, योजनेचे फंड मॅनेजर, इतर वरिष्ठ अधिकारी, आणि प्रत्येकापुढे योजनेतली रक्कम. मॅनेजरच्या ओळीत शून्य होतं. बाईंनी पेनाला टोपण लावलं. मी स्वतः ती योजना कितीतरी लोकांना दिली होती आणि ते पान एकदाही उघडलं नव्हतं, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

तेव्हा सक्ती नव्हती, आता आहे. सेबीने, म्हणजे म्युच्युअल फंडांवर देखरेख करणाऱ्या संस्थेने, २८ एप्रिल २०२१ ला परिपत्रक काढलं आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून ते लागू झालं. फंड मॅनेजर, सीईओ, रिसर्चमधली माणसं अशा महत्त्वाच्या कर्मचाऱ्यांच्या पगाराचा, कर आणि पीएफ वगैरे वजा जाता, किमान २० टक्के भाग त्यांना युनिटच्या, म्हणजे फंडातल्या हिश्श्यांच्या, रूपात द्यायचा, आणि तोही ते स्वतः ज्या योजना बघतात त्यांच्यात. हे युनिट तीन वर्षं विकता येत नाहीत. गैरव्यवहार किंवा मोठा हलगर्जीपणा सिद्ध झाला तर ते काढूनही घेता येतात. एप्रिल २०२५ पासून सरसकट २० टक्क्यांऐवजी पगाराप्रमाणे टप्पे झाले. वर्षाला २५ लाखांच्या आत पगार असेल तर सक्ती नाही, आणि एक कोटीच्या वर असेल तर १८ टक्के (कंपनीचे शेअर्स मिळत असतील तर हिशेब थोडा बदलतो). इंडेक्स फंड (निफ्टीसारख्या निर्देशांकाची नक्कल करणारे), ईटीएफ (बाजारात शेअरसारखे घेता-विकता येणारे) आणि ओव्हरनाइट फंड (एका दिवसाच्या मुदतीने पैसे गुंतवणारे) यातून वगळले आहेत. म्हणजे तुमचा फंड इंडेक्स फंड असेल, तर बँकेतल्या माणसाच्या त्या वाक्यामागे नियमही नाही.

आता जरा हिशेब करू. समजा मॅनेजरचा पगार दीड कोटी आहे आणि कर-पीएफ जाऊन ९० लाख उरतात. त्याचे १८ टक्के म्हणजे १६ लाख २० हजार. तो चार योजना बघत असेल तर ही रक्कम त्या चौघींत वाटली जाणार. तुमच्या-माझ्या दृष्टीने मोठी रक्कम, पण ती त्याने ठरवून घातलेली नाही, पगारातून वळती झालेली आहे. म्हणून "पैसे आहेत का" या प्रश्नाला आता फारशी धार राहिलेली नाही. नियमाने द्यावे लागले त्याहून जास्त, स्वतःच्या मनाने किती घातले, हे बघायला हवं. काही कंपन्या हे आपणहून सांगतात. पराग पारिख फंडवाले कंपनीतल्या माणसांची आपल्याच योजनांमधली गुंतवणूक फॅक्टशीटमध्ये, म्हणजे फंडाच्या माहितीपत्रकात, छापतात, आणि हा पायंडा मला मनापासून आवडतो. अमेरिकेत तर प्रत्येक मॅनेजरची रक्कम कोणत्या टप्प्यात बसते, ते नावानिशी जाहीर करावं लागतं. आपल्याकडे एसआयडीत योजनेच्या मॅनेजरांची एकत्र रक्कम असते. ती नक्की बघा.

पण समजा रक्कम चांगली घसघशीत निघाली, तरी तुमचं काम संपत नाही, आणि मला कळकळीने सांगायचंय ते हेच. स्मॉलकॅप फंड (छोट्या कंपन्यांचे शेअर्स घेणारा) ४० टक्के पडला तरी मॅनेजरला पुढच्या महिन्याचा पगार मिळतो. तो दहा वर्षं थांबू शकतो. तुम्हाला दोन वर्षांनी मुलीची इंजिनिअरिंगची फी भरायची असेल, तर त्याचे आणि तुमचे पैसे एकाच फंडात असूनही तुम्ही दोघं एका नावेत नाही.

शिवाय आत बसलेल्या माणसाला बाहेरच्यापेक्षा आधी कळतं. २३ एप्रिल २०२० ला फ्रँकलिन टेम्पलटन या फंड कंपनीने सहा डेट योजना (कर्जरोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या) बंद केल्या आणि सुमारे २५ हजार कोटी अडकले. पुढे ते टप्प्याटप्प्याने परत मिळाले, पण बंद होण्याआधी कंपनीतल्या लोकांनी स्वतःचे पैसे काढून घेतले का, हा प्रश्न सेबीपर्यंत गेला. नंतर इनसायडर ट्रेडिंगचे, म्हणजे आतली माहिती वापरून व्यवहार करण्याविरुद्धचे, नियम म्युच्युअल फंडाच्या युनिटनाही लागू करण्यात आले, १ नोव्हेंबर २०२४ पासून. हा बदल व्हायलाच हवा होता.

तुम्ही असं करा. बँकेत जाऊन त्या माणसाला एसआयडीतलं ते कोष्टक उघडायला सांगा आणि मॅनेजरची ओळ स्वतः वाचा. मग त्यालाच विचारा, मला हे पैसे अमुक वर्षी लागणार आहेत, तर हा फंड मला का? दुसऱ्या प्रश्नाला तो पुन्हा मॅनेजरच्याच पैशाचं उत्तर देऊ लागला, तर त्या दिवशी सही करू नका. कोष्टक सापडलं नाही तर योजनेचं नाव कळवा, कोणत्या पानावर आहे ते मी बघून सांगतो.