मे महिन्यात स्वेटर घालून बसलेला माणूस

सीताबर्डीला आमच्या दुकानाच्या पायरीवर महिनाभरापासून एकजण बसतो. भर उन्हात अंगात स्वेटर, वर दोन शर्ट. स्वतःशीच बोलतो, त्रास कुणाला नाही. काय करावं?

हुसकावलं नाहीत, हेच मोठं काम केलंत. कपडे मात्र काढायला लावू नका. ज्याला ठेवायला जागा नाही, त्याचं अंग हेच त्याचं कपाट असतं; अंगावरचं तेवढंच सहजी चोरीला जात नाही. पण नागपूरचा पारा ४५च्या पुढे जातो आणि मानसिक आजारावरच्या काही औषधांनी घामही कमी येतो, म्हणून सावली आणि पाणी आधी. अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध झालेलं, डोळे मिटत चाललेले दिसले, तर ताबडतोब १०८ला फोन करा.

बाकी दिवशी ठरलेल्या वेळी चहा द्या. नाव विचारा, पण एकदाच. रेल्वे स्टेशनजवळच्या एका काकांना आम्ही पंधरा दिवस नुसता चहाच देत होतो. मग एका सकाळी कप हातात घेऊन ते म्हणाले, ‘साखर कमी आहे.’ तिथून पुढे गाव, भाऊ, शाळा, सगळं हळूहळू आलं.

पोलिसांना कळवलं तर ते त्याला कोठडीत टाकतील, अशी भीती वाटते.

तसं करता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७च्या कलम १०० नुसार, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या अशा व्यक्तीला पोलिसांनी २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं. कोठडी नाही, तुरुंग नाही. बेघर असेल तर बेपत्ता व्यक्ती म्हणून नोंद करून घरच्यांचा शोध घेणं हीदेखील ठाण्याचीच जबाबदारी. कलमाचा आकडा चिठ्ठीवर लिहून सोबत न्या. उपयोग होतो.

त्याच्याकडे ना आधार, ना पिवळं रेशनकार्ड. उपचाराचा खर्च?

बेघर व्यक्तीला सरकारी मानसिक आरोग्य संस्थांमध्ये उपचार मोफत आहेत. कार्ड नसलं तरीही.

आमच्या भागातल्या एक ताई मनोरुग्णालयातून बऱ्या होऊन आल्या. दोन महिन्यांत पुन्हा फुटपाथवर. मग उपयोग काय?

उपयोग झाला होता, पुढचं कुणी धरलं नाही. गोळ्या पोटात अन्न असताना घ्यायच्या, पुडी कोरडी ठेवायची, तारखेला दवाखान्यात जायचं; फुटपाथवर यातलं काय जमेल? रात्री पुरुषांची भीती, म्हणून त्या जाग्या राहतात, आणि झोप गेली की आजार उलटतो. त्यांना दार लागेल अशी निवाऱ्यातली जागा हवी. गोळ्यांऐवजी काही आठवड्यांतून एकदाचं इंजेक्शन चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. घरचे नेत नाहीत एवढ्यावरून माणसाला रुग्णालयातच ठेवणंही कायद्याला मान्य नाही, पण बाहेर पडून जायचं कुठे, हे ठरवल्याशिवाय सुट्टी देणं मला पटत नाही.

त्यांना मानकापूरच्या मनोरुग्णालयात परत न्यायचं तर आजही आपण सहज ‘पागलखाना’ म्हणतो. त्यांच्यासमोर हा शब्द उच्चारू नका. रिक्षावाल्याला ‘मानकापूर, दवाखाना’ एवढंच सांगा आणि सोबत बसा. सल्ला हवा असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक कुठल्याही वेळी मोफत आहे.