स्क्रीन सुटी होते, पण तुम्ही ती सुटी करणार का?

कीबोर्डपासून वेगळ्या होणाऱ्या लॅपटॉपविषयी, म्हणजे डिटॅचेबलविषयी, या वेळी बरेच प्रश्न आले. मॉडेलं वेगवेगळी, पण म्हणणं बहुतेकांचं एकच: मधल्या किमतीत लॅपटॉपही मिळतो आणि टॅबलेटही, मग घ्यायला काय हरकत आहे? हरकत काही नाही. फक्त ही सोय फुकट मिळत नाही. टायपिंग, बॅटरी, वेग यांपैकी कशावर तरी थोडं पाणी सोडावं लागतं. कीबोर्ड बाजूला ठेवून स्क्रीन खरंच वापरणार असाल, तरच हा व्यवहार परवडतो.

प्रश्न : मी पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. गणित आणि रसायनशास्त्राच्या नोट्स हातानेच लिहाव्या लागतात, शिवाय रिपोर्ट आणि प्रेझेंटेशनही असतात. डिटॅचेबल घेऊ, की स्क्रीन पूर्ण मागे वळणारा कन्व्हर्टिबल?

डिटॅचेबल घ्या. कन्व्हर्टिबलची स्क्रीन मागे वळवली तरी कीबोर्डचं वजन हातातच राहतं. तेरा-चौदा इंची मशीन असेल तर एकूण भार सव्वा ते दीड किलोपर्यंत जातो. त्याच आकाराच्या डिटॅचेबलचा नुसता स्क्रीनचा भाग नऊशे ग्रॅमच्या आसपास असतो. तोही तासभर एका हातात धरवत नाही, पण बाकावर सपाट ठेवून त्यावर लिहिता येतं, आणि तुम्हाला तेच हवंय.

स्क्रीन बघताना नुसते इंच मोजू नका, लांबी-रुंदीचं प्रमाण विचारा. तेरा इंची स्क्रीन १६:९ प्रमाणाची असेल तर तिची आखूड बाजू साधारण ६.४ इंच भरते. ३:२ असेल तर ७.२ इंच. स्क्रीन उभी धरून लिहायला घेतलं की हीच बाजू पानाची रुंदी होते. चिंचोळ्या पानावर लांब समीकरण एका ओळीत मावत नाही आणि वाचताना पीडीएफचं अक्षर बारीक होतं. मायक्रोसॉफ्टचा पहिला सरफेस प्रो १६:९ होता. २०१४ मध्ये आलेल्या सरफेस प्रो ३ पासून कंपनी ३:२ वर आली आणि पुढे तेच ठेवलं. मधल्या किमतीतली बरीच मॉडेलं मात्र अजून १६:९ किंवा १६:१० मध्येच मिळतात.

आता पेन. तुमच्या बाबतीत खरी मेख इथेच आहे. कुठलंही पेन कुठल्याही स्क्रीनवर चालत नाही. मायक्रोसॉफ्टची एमपीपी, वॅकॉमची एईएस, क्रोमबुकवरची (गूगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपवरची) यूएसआय अशा पेन आणि स्क्रीन जुळवण्याच्या निरनिराळ्या पद्धती आहेत. दोन पद्धतींवर चालणारी काही पेनं मिळतात, पण खोक्यावर तसं छापलेलं असेल तरच विश्वास ठेवा. '४०९६ प्रेशर लेव्हल', म्हणजे पेनचा दाब ओळखण्याच्या इतक्या पायऱ्या, ही जाहिरात चित्रकारांसाठी ठीक आहे. नोट्स लिहिताना तिचा काडीचा उपयोग नाही. त्यापेक्षा दुकानात स्क्रीनवर प्लास्टिकची पट्टी ठेवा आणि तिच्या कडेने एक तिरकी रेघ अगदी सावकाश ओढा. रेघ नागमोडी आली तर अक्षरही तसंच येणार. मग आधी तळहात टेकवा आणि मग लिहा. तळव्याखाली ठिपके उमटले किंवा पान सरकलं, तर ते मशीन खाली ठेवा. दुकानदाराला विचित्र वाटेल, वाटू दे.

प्रश्न : एका मॉडेलमध्ये ४ जीबी रॅम आणि १२८ जीबी ईएमएमसी आहे, दुसऱ्यात ८ जीबी आणि २५६ जीबी एसएसडी. वर्ड, ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल एवढंच माझं काम. स्वस्तातल्यावर भागेल का?

नाही भागणार. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज अशी आहे, पण 'किमान' म्हणजे मशीन चालू होतं, एवढंच. व्हिडिओ कॉल सुरू, ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब आणि एक वर्डची फाइल, इतक्यात ४ जीबी रॅम संपते. मग विंडोज उरलेला पसारा स्टोरेजवर हलवतं. तिथे ईएमएमसी, म्हणजे स्वस्त पण संथ प्रकारचं स्टोरेज, असेल तर रखडपट्टी ठरलेली. ईएमएमसी ५.१ ची कागदावरची कमाल गतीच सेकंदाला ४०० एमबी. साधी एनव्हीएमई (वेगवान जोडणीची) एसएसडीसुद्धा याच्या कितीतरी पुढे असते. शिवाय १२८ जीबी हे विंडोजमध्ये ११९ दिसतात. ही फसवणूक नाही, मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. पण त्यातून विंडोज, रिकव्हरी आणि अपडेटची जागा गेली की हाती फार काही उरत नाही.

या प्रकारच्या मशीनमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. नंतर वाढवण्याची सोय नाही. म्हणून पैसे वाचवायचेच असतील तर प्रोसेसरची एक पायरी खाली उतरा, रॅमची नको. ८ जीबी हा तळ समजा, आणि चार-पाच वर्षं वापरायचं असेल तर १६.

प्रोसेसरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगून ठेवतो. बिनपंख्याच्या पातळ मशीनमध्ये उष्णता बाहेर जायला वाट नसते. गरम झालं की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. त्यामुळे दोन मिनिटांच्या चाचणीत झकास वाटलेलं मशीन अर्ध्या तासाच्या व्हिडिओ कॉलनंतर वेगळंच वागू शकतं. परीक्षण वाचताना सलग कामाचे आकडे दिलेत का, ते शोधा.

प्रश्न : मी बातम्या आणि लेख लिहिते. दिवसाचे पाच-सहा तास टायपिंग, त्यातलं बरंचसं प्रवासात, मांडीवर. वजन कमी म्हणून डिटॅचेबल डोळ्यांत भरलाय. घेऊ का?

घेऊ नका. साध्या लॅपटॉपची बॅटरी आणि बोर्ड कीबोर्डखाली असतात, म्हणून त्याचा भार खाली राहतो. डिटॅचेबलमध्ये सगळा ऐवज स्क्रीनच्या पाठीमागे आणि कीबोर्ड म्हणजे जेमतेम काही मिलिमीटर जाडीची पट्टी. टेबलावर ते ठीक चालतं. मांडीवर मात्र मागच्या किकस्टँडची, म्हणजे स्क्रीनला टेकू देणाऱ्या पट्टीची, कड रुतते, पाय जरा हलला की स्क्रीन मागे कलंडते आणि सीटसमोरच्या छोट्या ट्रेवर किकस्टँडला जागाच पुरत नाही.

वजनाचंही तसंच. जाहिरातीतला आकडा बहुतेकदा नुसत्या टॅबलेटचा असतो. सरफेस प्रो ९ चं वजन ८७९ ग्रॅम. कीबोर्ड जोडला की जवळपास १.२ किलो. तेवढ्या वजनात चांगले पातळ लॅपटॉप मिळतात, तेही भरभक्कम कीबोर्डासकट. आणि किंमत बघताना, कीबोर्ड आणि पेन खोक्यात आहेत की वेगळे घ्यायचेत, ते आधी विचारा. ते वेगळे असतील तर 'मधली किंमत' मधली राहत नाही.

तरीही मन त्याच्यावरच बसलं असेल तर दुकानात उभ्याने नव्हे, खुर्चीत बसून, मशीन मांडीवर घेऊन एक पूर्ण परिच्छेद टाइप करा. मधली अक्षरं दाबताना कीबोर्ड पत्र्यासारखा लवतोय का, ते बोटांना लगेच कळेल.

प्रश्न : स्नॅपड्रॅगनवाला डिटॅचेबल चांगल्या किमतीत मिळतोय. ऑफिसात हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर आणि जुना प्रिंटर आहे. चालेल का?

सॉफ्टवेअर बहुधा चालेल, प्रिंटरचं सांगवत नाही. स्नॅपड्रॅगन हा आर्म जातीचा प्रोसेसर, इंटेलपेक्षा वेगळ्या रचनेचा. आर्मवरचं विंडोज ११ इंटेलसाठी लिहिलेली बहुतेक सॉफ्टवेअर भाषांतर करत चालवतं, आणि २०२४ च्या अपडेटपासून हे काम बरंच सुधारलंय. ड्रायव्हरना, म्हणजे प्रिंटरसारखी उपकरणं चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरना, मात्र ही सवलत नाही. ते आर्मसाठीच बनवलेले लागतात. त्यामुळे जुने प्रिंटर, यूएसबीचे सुरक्षा डाँगल (सॉफ्टवेअर उघडायला लागणाऱ्या किल्ल्या), काही कंपन्यांचे व्हीपीएन आणि ऑनलाइन परीक्षेची काही लॉक करणारी सॉफ्टवेअर इथे अडकतात. प्रिंटरच्या कंपनीच्या साइटवर आर्म ६४ चा ड्रायव्हर दिसला तरच पुढे जा. नाहीतर इंटेल किंवा एएमडीवाला घ्या.

प्रश्न : कंपनी पंधरा तास बॅटरी सांगते, मला सहा-सात मिळतात. मशीन सदोष आहे का?

नाही. पंधरा तासांचा आकडा बहुधा मंद प्रकाशात एकच व्हिडिओ फिरवत ठेवून काढलेला असतो. गणित सोपं आहे: बॅटरी ४० वॉट-तासांची (म्हणजे ४० वॉट तासभर पुरवणारी) आणि तुमचं काम सरासरी ६ वॉट खात असेल, तर पावणेसात तासांच्या आतच खेळ आटोपतो. घेताना तासांऐवजी वॉट-तास विचारा.

प्रश्न : शाळेतल्या मुलासाठी क्रोमबुक डिटॅचेबल पुरेल का?

पुरेल, शाळेचं सगळं काम ब्राउझरमध्ये होत असेल तर. गूगलने क्रोमबुकना १० वर्षं अपडेट देण्याचं धोरण जाहीर केलंय, पण ती वर्षं त्या प्लॅटफॉर्मच्या, म्हणजे आतल्या मूळ हार्डवेअरच्या, पदार्पणापासून मोजतात, तुमच्या खरेदीपासून नव्हे. सवलतीत मिळणाऱ्या जुन्या मॉडेलची अपडेटची अंतिम तारीख आधी बघा.

प्रश्न : नवं मधल्या किमतीचं घेण्याऐवजी त्याच पैशांत तीन वर्षं वापरलेलं वरच्या श्रेणीतलं घेतलं तर?

मला स्वतःला हा पर्याय आवडतो. स्क्रीन, पेन आणि कीबोर्ड बहुतेकदा सरसच मिळतात. मात्र ते विंडोज ११ ला पात्र असल्याची खात्री करा, कारण विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कीबोर्ड चार-पाच वेळा काढून-लावून पाहा; जोडणीच्या पिना झिजल्या असतील तर तो मध्येच दाद देईनासा होतो. स्क्रीनची कड नखाने चाचपा. कुठे उचललेली लागली तर आतली बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता आहे, आणि या मशीनची बॅटरी बदलायची म्हणजे बऱ्याच मॉडेलांत चिकटवलेली स्क्रीनच उखडावी लागते. शेवटी विकणाऱ्याला विंडोजचा बॅटरी रिपोर्ट समोर काढायला सांगा. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या ८० टक्क्यांखाली असेल तर बॅटरी बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा. द्यायला तयार नसेल तर दुसरं मशीन बघा.