'सिक टाकतो सर, सोपं पडेल' : रोस्टर, थकवा आणि शनिवारचा सामूहिक आजार

तुमची पोस्ट काल रात्री लेओव्हरला (दोन उड्डाणांमधल्या मुक्कामात) वाचली आणि झोप उडाली. तीन वर्षं फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक), दर आठवड्याला दोनदा बदलणारं रोस्टर (ड्युट्यांचं वेळापत्रक), पहाटेच्या ड्युट्यांचा सपाटा, ग्रुपवर 'शनिवारी सगळ्यांनी सिक टाकायचं', म्हणजे आजारी असल्याचं कळवायचं, असा निरोप, आणि वर चीफ पायलटचा सल्ला की कमांडचा (कॅप्टनपदाचा) इंटरव्ह्यू होईपर्यंत वैमानिक संघटनेपासून लांब राहा. तपशील थोडे वेगळे, पण ही माझीच बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. म्हणून लांबलचक लिहितोय. मी वकील नाही, संघटनेचा पदाधिकारी नाही, आणि तुमच्या कंपनीचं मॅन्युअल मी पाहिलेलं नाही. तेवढं मीठ घालून वाचा.

एफडीटीएल (ड्युटी आणि उड्डाणाच्या वेळेच्या मर्यादा) काय, विश्रांती कशी मोजतात, डेड-हेड (ड्युटीसाठी प्रवासी म्हणून जाणं) ड्युटीत धरतात पण फ्लाइट टाइममध्ये नाही, हे सगळं तुम्हाला येत असणार. ते सोडून देतो.

माझ्या वेळच्या नियमात 'रात्र', म्हणजे जिथे ड्युटीवर जास्त बंधनं, ती ००:०० ते ०५:००. आता तुम्हीच विचार करा, रोस्टर बनवणारा माणूस काय करेल? रिपोर्टिंग ५:१०. घरून गाडी साडेतीनला, त्याआधी आंघोळ, म्हणजे उठायचं पावणेतीनला. पण कागदावर ही दिवसाची ड्युटी. माझी गोष्ट घडली त्या आठवड्यात मला अशा सलग तीन दिल्या. चौथ्या दिवशी दुपारी अडीचला रिपोर्टिंग, शेवटच्या सेक्टरचे (उड्डाणाचे) चॉक्स, म्हणजे विमान जागेवर उभं, २३:५० ला. बारा वाजायला दहा मिनिटं कमी, म्हणजे तीही रात्र नाही! मग एकोणतीस-तीस तासांची मोकळीक, आणि पुन्हा ५:१०. एकही नियम मोडलेला नव्हता. शरीराला मात्र एका आठवड्यात दोनदा उलटंपालटं केलं होतं. पहाटे २ ते ६ हा शरीराचा सर्वांत मंद वेळ असतो, हे आपल्याला शिकवतात, परीक्षेतही विचारतात, आणि मग त्याच वेळेत गाडीत बसवतात.

त्या शेवटच्या ५:१० च्या आदल्या रात्री मला झोप लागलीच नाही. दोन वाजता उठून बसलो, डोळ्यांत वाळू, आणि स्वतःच्याच घरात लिफ्टचं बटण की दिव्याचं बटण असा गोंधळ. शेड्युलिंगला (ड्युट्या लावणाऱ्या खात्याला) फोन लावला. मी नेमकं म्हणालो ते आजही आठवतं, 'खूप थकलोय, उडण्याच्या अवस्थेत नाही.' पलीकडचा मुलगा वाईट नव्हता. म्हणाला, 'सर, थकवा म्हटलं की फॉर्म, मग मीटिंग, मग सेफ्टीवाल्यांचे प्रश्न. माझ्याकडे तसा कोडही नाहीये. सिक टाकतो सर, सोपं पडेल.'

मी 'हो' म्हणालो.

माझं सगळं नुकसान त्या एका 'हो'त आहे. झोपायचं होतं, वाद घालायचं त्राण नव्हतं, हे खरं. पण त्या क्षणी मी एक खरी गोष्ट खोटी करून टाकली. सकाळी नऊला उठून वाटलं, सिक टाकलंय तर सर्टिफिकेट लागेल. ओळखीच्या डॉक्टरांकडून 'ताप व अशक्तपणा' असं लिहून आणलं. ताप नव्हताच. परत येऊन दुपारपर्यंत मेल्यासारखा झोपलो, ताजातवाना उठलो आणि संध्याकाळी मेव्हणीच्या साखरपुड्याला गेलो. कुणीतरी फोटो टाकला. मी त्यात हसतोय, हातात पेढा.

थकलेला माणूस आठ तास झोपून संध्याकाळी साखरपुड्याला गेला, तर त्यात गैर काय? काहीच नाही. उलट तोच पुरावा, की त्याला झोपेचीच गरज होती. तापाने फणफणलेला माणूस गेला तर तो खोटारडा. एकच दिवस, एकच माणूस, फक्त शब्द बदलला.

आणि योगायोग असा, की त्याच दिवशी आमच्या बेसवरच्या काही जणांनी थकीत भत्त्यांवरून ठरवून सिक टाकलं होतं. मला पत्ताही नव्हता, कारण मी तोवर ग्रुपमधून बाहेर पडलो होतो. तो वेगळा मूर्खपणा, खाली येतो. चार दिवसांनी कारणे दाखवा नोटीस आली, 'संगनमताने गैरहजेरी' म्हणून. चौकशीत मी रोस्टर पुढे केलं, तीन पहाटा आणि एक मध्यरात्र दाखवली. समोरचे शांतपणे म्हणाले, 'पण कॅप्टनसाहेब, तुम्ही तर ताप म्हणालात.' (मी कॅप्टन नव्हतो. मुद्दाम म्हणाले.) औषधांची बिलं मागितली. नव्हती. फोटो टेबलावर ठेवला. शेड्युलिंगच्या फोनची नोंद मी तीनदा मागितली, लेखी मागितली. त्या खात्याने आधी 'रेकॉर्डिंग ठराविक दिवसच ठेवतो' असं सांगितलं, मग 'तुमचा विनंतीअर्ज सेफ्टीकडे पाठवलाय', आणि सेफ्टीने सांगितलं की आमच्याकडे फटीग (थकव्याचा) रिपोर्टच नाही, तर आम्ही काय बघणार? सात आठवडे मी या दोन दारांमध्ये चेंडूसारखा. आजही त्या मजल्यावर गेलो की पोटात गोळा येतो. असो.

शेवटी ताकीद आणि कमांडच्या त्या बॅचमधून नाव वगळलं. पुढची बॅच सोळा महिन्यांनी. माझ्या मागचे अकरा जण माझ्याआधी कॅप्टनच्या डाव्या सीटवर बसले. ज्येष्ठतेवर चालणाऱ्या धंद्यात त्याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको.

आता संघटनेचं. मीही इंटरव्ह्यूच्या नादाने आठ महिने आधी वर्गणी थांबवली होती. कुणी लेखी सांगितलं नव्हतं, कधीच लेखी सांगत नाहीत. 'जरा दिसू नका' एवढंच. नोटीस आल्यावर धावत गेलो, तर सचिव नम्रपणे म्हणाले की घटनेच्या दिवशी सभासद नसलेल्याची बाजू अधिकृतपणे घेता येत नाही. मला राग आला होता. आता वाटतं, बरोबरच होतं त्यांचं. पाऊस सुरू झाल्यावर छत्रीच्या दुकानात घासाघीस करण्यातला प्रकार. तरी त्यांच्यातल्या एका निवृत्तीला आलेल्या कॅप्टनने एक संध्याकाळ माझ्याबरोबर काढली, रोस्टरच्या सहा आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि विचारलं, 'यातली तुझ्याकडे छापलेली कुठली?' फक्त शेवटची होती. मधल्या पाच त्यांनी स्वतःच्या फाइलमधून काढल्या होत्या. तेव्हापासून मी रोस्टरच्या प्रत्येक बदलाचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवतो. फोनवर काही ठरलं की लगेच दोन ओळींचा मेसेज : 'आत्ताच्या बोलण्याप्रमाणे अमुक.' उत्तर आलं नाही तरी चालतं. आपल्या बाजूची नोंद राहते.

शनिवारबद्दल माझं मत कडू लागेल. जाऊ नका. नवीन औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तीत ठरवून एकाच दिवशी पन्नास टक्के किंवा त्याहून जास्त लोकांनी किरकोळ रजा घेतली तर तो संप धरला जातो, आणि संपाआधी किमान चौदा दिवसांची नोटीस लागते. सिक लीव्ह म्हणजे किरकोळ रजा नव्हे, असा युक्तिवाद तुमच्या ग्रुपवरचे हुशार लोक करतील. करू देत. नोटीस हातात आल्यावर तो कोर्टात सिद्ध व्हायला किती वर्षं जातील आणि तोवर तुमचं रेटिंग (विमान उडवण्याची पात्रता) कोण चालू ठेवेल, तेही विचारा. आणि ग्रुपवर लिहिलेलं सगळं बाहेर जातं. सगळं.

जुन्या मंडळींना २०११ आणि २०१२ आठवत असेल. २०११ ला एअर इंडियात आयसीपीएचा (पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांच्या संघटनेचा) संप झाला, मागणी मुख्यतः समान वेतनाची. पुढच्याच वर्षी इंडियन पायलट्स गिल्डचा (मूळ एअर इंडियाच्या वैमानिकांच्या संघटनेचा), मे महिन्यात, सुरुवात सिक टाकण्यानेच. तो ५८ दिवस चालला, गिल्डची मान्यता काढली, लोक बडतर्फ झाले. वाद कशाचा? ड्रीमलायनरचं ट्रेनिंग पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही द्यायचं का, याचा. कंपन्या २००७ मध्येच एक झाल्या होत्या, वैमानिक पाच वर्षांनीही झाले नव्हते. एका वर्षी एक संघटना, दुसऱ्या वर्षी दुसरी, आणि व्यवस्थापनाला एका वेळी एकाच संघटनेशी भांडायचं होतं. मी त्या वादात कोणाची बाजू बरोबर होती ते सांगत नाही, दोन्हीकडे माझे मित्र आहेत.

याउलट रात्रीचं कलम कसं बदललं ते बघा. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने (हवाई वाहतूक नियामकाने) नवे एफडीटीएल आणले : साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्र ०५:०० ऐवजी ०६:०० पर्यंत, रात्रीची लँडिंग्ज सहाऐवजी दोन. जून २०२४ ची तारीख पुढे ढकलली गेली. मग वैमानिक संघटना दिल्ली उच्च न्यायालयात चिकटून बसल्या, आणि नियम दोन टप्प्यांत आले, १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५. म्हणजे माझं ते ५:१० आता रात्रच आहे! हे वाचलं तेव्हा मी कॉकपिटमध्ये नव्हतो म्हणून बरं, नाहीतर शिट्टी मारली असती. यात कुणी आजारी पडलं नाही. वर्षानुवर्षं रिपोर्ट, तक्ते, तारखा. कंटाळवाणं काम, त्याचे फोटो येत नाहीत.

अर्थात मिळालेलं टिकतंच असं नाही. डिसेंबर २०२५ मध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही, हे कलम ५ डिसेंबरला मागे घेतलं गेलं. रात्रीच्या काही कलमांतही तात्पुरती सूट दिली गेली. म्हणून एक आडवी टीप : तुमची मंजूर रजा आणि साप्ताहिक विश्रांती रोस्टरवर वेगवेगळी दिसते की एकात एक घुसवली आहे, ते या महिन्यातच तपासा. माझ्या एका मित्राला सुट्टीवरून परतल्यावर कळलं की त्याची विश्रांती गावाकडच्या लग्नातच 'झाली'.

मग करायचं काय? माझ्या मते थकवा असेल त्या दिवशी 'थकवा' हाच शब्द, लेखी, आणि तोही एकट्याने न देता सगळ्यांनी आपापल्या खऱ्या दिवशी द्यायचा. ठरवून एकाच दिवशी नव्हे. खोटा तर कधीच नव्हे, एक खोटा रिपोर्ट शंभर खऱ्यांना मारतो. रिपोर्टमध्ये भावना नकोत : मागच्या ७२ तासांत किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो, कुठल्या ड्युट्या, रोस्टर कधी बदललं. बस. कोड नाही म्हणाले तर 'कोड नाही असं सांगितलं गेलं' हेही त्यात लिहा. दुसरं, डे ऑफला शेड्युलिंगचा फोन. एकाने घेतला की तो उद्याच्या बैठकीत दाखला होतो, 'तुमचेच लोक तर खुशीने येतात.' मी घेतलाय तो फोन, दोनदा, कमांड जवळ आली होती म्हणून. त्या दाखल्यात मी आहे. तेव्हा तुमच्यावर दगड मारायला मी मोकळा नाही.

कुणी म्हणेल, फटीगची फार नाटकं. त्यांना २२ मे २०१० च्या मंगळूर अपघाताचा चौकशी अहवाल वाचायला सांगा. १५८ माणसं गेली. व्हॉइस रेकॉर्डरवर कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज आहे, आणि अहवालात झोपेतून उठल्यानंतरच्या सुस्तीचा उल्लेख. शेजारचा फर्स्ट ऑफिसर गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर चला) म्हणत होता. मी अजूनही ती पानं सलग वाचू शकत नाही.

वर्गणी चालू ठेवा, बँकेतून, पावती जपून. चीफ पायलट विचारणार नाहीत, आणि विचारलं तर तोच प्रश्न ईमेलवर विचारा म्हणावं, गोड आवाजात. राजीनाम्याचा विचार आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंय, तर फर्स्ट ऑफिसरला सहा महिने आणि कमांडरला वर्षाची नोटीस हे डोक्यात ठेवा, रागाच्या भरात मेल टाकू नका. आणि बेडरूमला जाड पडदे लावा. हे मी सगळ्यांना सांगतो, कुणी ऐकत नाही.

तुमची शनिवारची ड्युटी किती वाजताची ते पोस्टमध्ये नाही. ५ ते ६ च्या मधलं रिपोर्टिंग असेल तर मागच्या दोन आठवड्यांच्या रोस्टरच्या सगळ्या आवृत्त्या मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, नाव आणि कर्मचारी क्रमांक खोडून. उद्या दुपारपर्यंत मी घरीच आहे, बघून सांगतो.