वंशावळीत आत्याचं नावच नव्हतं

"म्याडम, आईला स्तनाचा कॅन्सर झाला म्हणजे मला पण होणारच ना?" मी समुपदेशक, हा प्रश्न माझ्याकडे आठवड्यातून दोनदा तरी येतो. कधी मुलगी विचारते, कधी तिचा नवरा कॉरिडॉरमध्ये गाठून हळूच विचारतो, आणि एकदा तर एका होऊ घातलेल्या सासूनं विचारलं होतं, साखरपुड्याच्या आधी (त्या बाईंना मी काय सांगितलं ते परत कधीतरी). उत्तर तसं छोटं आहे, बहुतेक वेळा "नाही" असंच आहे, पण मेधाच्या वेळी हे छोटं उत्तर देऊन मी जवळजवळ फसले होते म्हणून हे लिहितेय. नाव, गाव, थोडे तपशील बदललेत, आणि तिला विचारूनच लिहितेय.

मेधा 36 वर्षांची, फोंड्याकडच्या एका शाळेत शिकवते. आईला 67 व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर निघाला, बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात ऑपरेशन झालं, पुढचं सगळं झालं, आता रोजची एक गोळी चालू आहे आणि आई ठणठणीत, चवथीला नेवऱ्या स्वतः बसून तळते. आजारी पडली ती मेधा. रोज आंघोळीला गेली की चाचपून बघायची, रोज काहीतरी हाताला लागायचं, मग रात्रभर झोप नाही. चार महिन्यांत दोनदा सोनोग्राफी आणि एक मॅमोग्राफी झाली होती, तिच्यात "डेन्स ब्रेस्ट" असं लिहून आलं, ते तिनं रात्री दोन वाजता मोबाईलवर शोधलं आणि सकाळी नवऱ्याला म्हणाली की मी सगळं काढूनच टाकते, त्या हॉलिवूडच्या अँजेलिना जोलीनं नाही का केलं. नवरा घाबरून दोघींना घेऊन माझ्याकडे आला.

डेन्सचं आधी सांगते कारण त्याला खूप बायका घाबरतात. तो आजार नव्हे. त्या वयात स्तनात चरबी कमी आणि ग्रंथींचा भाग जास्त असतो, तो फिल्मवर पांढरा दिसतो, गाठही पांढरीच दिसते, म्हणजे पांढऱ्या भिंतीवर पांढरा खडू. म्हणून तिशीत मॅमोग्राफीपेक्षा सोनोग्राफीचा उपयोग जास्त होतो, एवढाच त्याचा अर्थ. (डेन्स असलं की धोका थोडा वाढतो हेही खरं, पण या वयात निम्म्याहून जास्त बायकांचं तसंच असतं.)

आणि ते रोजचं चाचपणं. चीनमध्ये शांघायला कापड गिरण्यांतल्या 2,66,000 बायकांवर मोठा अभ्यास झाला होता, निम्म्या जणींना स्वतःची तपासणी नीट शिकवली, दहाएक वर्षं बघितलं, 2002 मध्ये निकाल आला, मृत्यू दोन्हीकडे सारखेच, फक्त शिकवलेल्या गटात साध्या गाठींच्या बायोप्सी जास्त झाल्या. म्हणजे बघूच नका असं नाही, आपलं नेहमीचं कसं आहे ते माहीत हवं, गाठ, खळी, आत ओढलेलं निपल, रक्ताचा स्राव असं नवीन काही दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टर. पण रोज परीक्षा घेतल्यासारखं करायचं नाही, पाळी संपली की महिन्यातून एकदा पुरे.

आई शेजारी बसून ऐकत होती, मध्येच म्हणाली, "म्हाका जालो म्हणून तुका कित्याक जातलो गो?" आणि खरं सांगायचं तर आईचं लॉजिक बरोबर होतं. ज्या बायकांना हा कॅन्सर होतो त्यांतल्या नवांपैकी आठ जणींच्या आईला, बहिणीला किंवा मुलीला तो झालेला नसतो. सरळ वारशानं येणारा शंभरात पाच ते दहाच. आईला साठीनंतर झालेला, एकटीलाच, दुसऱ्या कुणाला नाही, तर मुलीचा धोका थोडा वाढतो, होणारच असं मुळीच नाही. मी आजोळी कुणाला आहे का विचारलं, ती नाही म्हणाली, आईच्या तिन्ही बहिणी धडधाकट. झालं, मी समजावलं, चहा झाला, उठली.

खरी गोष्ट नेहमी दारात निघते. कडीवर हात ठेवून म्हणाली, "बाबांकडे पण तसं कुणाला नाही, एक आत्या पोटात पाणी होऊन गेली तेवढंच."

मला परत बसवावं लागलं तिला. बाबांकडचं मी विचारलंच नव्हतं. वीस वर्षं हे काम करतेय आणि आई समोर बसली म्हणून सगळी चौकशी आईच्याच बाजूनं केली, डोक्यात तेच बसलेलं असतं ना, बायकांचा आजार म्हणजे बायकांकडून येणार. अर्धे जीन्स बापाकडून येतात. बापाला स्वतःला काही न होता तो जीनमधला बिघाड पुढे देऊ शकतो. जुन्या लोकांनी "पोटात पाणी झालं", "जलोदर झाला" म्हटलं की तो लिव्हरचाही असतो, पण बाई चाळिशीतली असेल आणि दारू वगैरे काही नसेल तर अंडाशयाचा कॅन्सर मनात धरून पुढे विचारावं लागतं, आणि अंडाशय आणि स्तन हे दोन्ही एकाच घरात आले की बीआरसीए जीन्सचा (ते बिघडले की या दोन्ही कॅन्सरचा धोका वारशानं येतो) विचार करावाच लागतो.

म्हटलं पुढच्या वेळी घराण्याची माहिती घेऊन ये. ती काय घेऊन आली असेल? लॅमिनेट केलेली वंशावळ! काकांनी देवस्थानच्या महाजनकीसाठी, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत सभासदांच्या यादीसाठी, मेहनतीनं तयार केलेली, सात पिढ्या, मूळ पुरुषापासून, सुंदर अक्षर. आणि सात पिढ्यांत एकही बाई नाही. याचे तीन पुत्र, त्याचे दोन पुत्र, जणू हे सगळे आपापसातच जन्मले. आत्या नाहीत, आजी नाही, मेधा स्वतः नाही. लग्नात मुलीचं गोत्र बदलतं, पण तिच्यातलं रक्त काही सासरचं होत नाही. माझ्या कामाच्या दृष्टीनं ती वंशावळ म्हणजे अर्धाच कागद होता, तेही नको तो अर्धा.

मग माहिती कुठे मिळाली सांगू? जमिनीच्या कागदांत. आपल्या गोव्याच्या कायद्यात मुलीला वाटा आहे, त्यामुळे देवळाच्या यादीत नसलेली आत्या जमीन विकायची वेळ आली की बरोबर आठवते, तिची सही लागते, ती नसेल तर तिच्या मुलांची. वारसाच्या दस्तात दोन्ही आत्यांची नावं होती, कुठे दिल्या ते, कोण कधी वारलं ते, मुलं कोण. धाकटी आत्या 1993 मध्ये गेली, 46 व्या वर्षी. मोठी आत्या बेळगावला दिलेली, तिला 41 व्या वर्षी "छातीला गाठ" होऊन "मुंबईला नेली होती", हे आईला माहीत होतं पण कधी बोलली नव्हती, नणंदेचं कशाला आपण सांगायचं म्हणून.

मेधा चिडली, म्हणाली इतकी वर्षं कुणीच कसं काही केलं नाही. मी म्हटलं काय करणार होते? मेरी-क्लेअर किंग यांनी स्तनाच्या कॅन्सरचा एक जीन सतराव्या गुणसूत्रावर आहे हे 1990 मध्ये दाखवलं, बीआरसीए-1 नेमका हाती लागला 1994 मध्ये, बीआरसीए-2 त्याच्या पुढच्या वर्षी. आत्या गेली तेव्हा तपासायला टेस्टच नव्हती.

आता एक गोष्ट जी लोक उलटी करतात. टेस्ट पहिल्यांदा ज्याला आजार झालाय त्याची करायची, घाबरलेल्या निरोगी माणसाची नाही. कारण निरोगी माणसात काही सापडलं नाही तर त्याचा अर्थ नीट लागत नाही, घरात बिघाडच नव्हता की होता पण हिला आला नाही की टेस्टला दिसला नाही? मोठी आत्या आता नाही, पण तिची मुलगी, मेधाची आतेबहीण, बेळगावला आहे. आणि तिच्याशी बोलणं बंद, त्याच जमिनीवरून.

तो एक फोन करायला मेधाला सहा आठवडे लागले. माझं समुपदेशन म्हणजे त्या सहा आठवड्यांत हेच, काय बोलायचं, जमिनीचा विषय निघाला तर काय, ती रडली तर काय. शेवटी शाळेच्या स्टाफरूममधून फोन केला. आतेबहीण आधी गप्प, मग म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?" तिला दोन वर्षांपूर्वी 39 व्या वर्षी झाला होता, ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनच्या गोळ्यांना दाद न देणारा प्रकार), डॉक्टरांनी लगेच जीन टेस्ट केली, बीआरसीए-1 मध्ये बिघाड निघाला, रिपोर्टवर नातेवाईकांना कळवा असंही सुचवलेलं, आणि तो रिपोर्ट तिनं कपाटात ठेवून दिला कारण मुलगी लग्नाची. मी तिला दोष देत नाही. आपल्याकडे एका मुलीच्या रिपोर्टवर अख्ख्या घराची स्थळं परत जातात.

पण त्या कपाटातल्या कागदाचा आतेबहिणीलाही उपयोग झाला होता हे मेधाला नव्यानंच कळलं. या बिघाडात पेशींची डीएनए दुरुस्त करायची एक वाट बंद असते, ओलापारिब नावाची गोळी दुसरी वाट पण बंद करते, मग कॅन्सरची पेशी टिकत नाही. 2021 मध्ये यावरच्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला, धोका जास्त असलेल्या पेशंटना केमोनंतर वर्षभर गोळी दिली तर आजार परतायचं प्रमाण कमी झालं, तीच गोळी तिला मिळाली होती.

आता मेधाचं गणित. बाबा हार्टनं गेलेले, त्यांची टेस्ट होऊ शकत नाही. आतेबहिणीला ते आत्याकडून आलं असं धरलं तर बाबांना असायची शक्यता निम्मी, त्यातून मेधाला यायची त्याच्या निम्मी. चारात एक. तिनं विचारलं, असलं तर? आत्ताच सांगा. तर सांगितलं, बीआरसीए-1 असलेल्या बायकांत आयुष्यभरात शंभरातल्या साठ-सत्तर जणींना स्तनाचा होतो, अंडाशयाचा चाळीसएक जणींना. मग दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी, मुलं झाली असतील तर 35 ते 40 च्या दरम्यान अंडाशय आणि नळ्या काढायचा सल्ला देतात, कारण अंडाशयाचा लवकर पकडायला भरवशाची तपासणी नाही. स्तन काढणं हा एक मार्ग आहे, तोच एक नाही. जोलीनं काढले ते बिघाड सापडल्यावर, आधी नाही, हे पण सांगितलं.

आईनं तेव्हा जुना मुद्दा काढला, सुई लागली, सुरी लागली की पसरतो. बायोप्सीच्या सुईनं पसरत नाही, पण ऑपरेशनच्या वेळी काय होतं या प्रश्नावर आपल्या मुंबईच्या टाटा हॉस्पिटलातल्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या टीमनं काम केलंय, सुरी लावायच्या आधी गाठीभोवती साधं बधिर करायचं इंजेक्शन, 1,583 बायका, 2023 मध्ये निकाल, पाच वर्षांनी शंभरातल्या 90 जणी जिवंत, इंजेक्शन न दिलेल्यांत 86. शंभर रुपयांच्या आतलं औषध. आई म्हणाली, मला दिलं असेल का? म्हटलं डॉक्टरांना विचारू.

रक्त दिलं, पूर्ण पॅनल (एकदम अनेक जीन्सची टेस्ट) करायची गरज नव्हती, आतेबहिणीच्या रिपोर्टमधला तेवढा एकच बिघाड शोधायचा म्हणून खर्चही कमी. साडेतीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. नाही. मेधाला तो बिघाड नाही.

ती हसली नाही, रडली पण नाही, पहिलं वाक्य "मग दादाचं काय?" तिला नाही म्हणून दादाला नाही असं होत नाही, आणि दादाला दोन मुली. मेधाचं स्वतःचं आता साधं आहे, वर्षातून एकदा डॉक्टरकडून हातानं तपासणी, चाळिशीपासून मॅमोग्राफी. हातानं तपासणीला हलकं समजू नका. मुंबईत टाटानं दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला, प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी तपासायच्या, तर आजार लवकरच्या स्टेजला सापडला आणि पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू तीसेक टक्क्यांनी कमी झाले. आपल्याकडेही 2021 पासून "स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा" या सरकारी मोहिमेत हातात मावेल अशा मशीननं तपासतात, किरण नाहीत, दुखत नाही, तरी बायका आज एकादशी आहे आणि उद्या पाहुणे आहेत म्हणून टाळतात.

दादा मडगावला. चार महिने म्हणत होता पुरुषांना कशाला, माझा काय संबंध. मी त्याला फोन केला नाही, मेधालाही सांगितलं मागे लागू नको, माहिती लिहून दे आणि सोड. ती वंशावळच त्याच्याकडे पाठवली तिनं, मागच्या बाजूला पेनानं दोन्ही आत्या, त्यांची वयं, काय झालं, आतेबहीण, आणि खाली त्याच्या दोन मुली.

मागच्या सोमवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन. "म्याडम, मी मेधाचा भाव. ती टेस्ट. उपाशीपोटी यायचं का?"

म्हटलं नको, चहा घेऊन या.